तूर आपल्या शिवारात, मग डाळ बाहेरून का?



माझ्या तरुण बंधू-भगिनींनो,

चिखली, मेहकर, लोणार, कुठेही जा. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी आणि रब्बीत हरभरा दिसतोच. पण माल निघाला की तो बाजार समितीत जातो, अकोल्यासारख्या ठिकाणच्या डाळ मिलमध्ये पोहोचतो आणि डाळ होऊन आपल्याच किराणा दुकानात चढ्या भावाने परत येतो. तूर सोंगणारी मजूर बाई तीच डाळ पावशेराने विकत घेते. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला, त्यात डाळ नाही. पोळी-भाताची सोय झाली, वरणाची राहिली.

तुमचा व्यवसाय इथेच आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीसाठी मिनी डाळ मिल विकसित केली आहे. क्विंटलभर तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते. चुनी जनावरांना जाते. मात्र यंत्र घेतले म्हणजे धंदा आला, असे नाही. तेल-पाणी लावणे, वाळवणे यात अंदाज चुकला की तुकडा वाढतो आणि नफा तिथेच संपतो. म्हणून आधी शिका. कृषी पदवी किंवा पदविका असलेल्यांसाठी केंद्राच्या अॅग्री-क्लिनिक योजनेत 45 दिवसांचे मोफत निवासी प्रशिक्षण आहे. इतरांनी आरसेटी आणि कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. हिशेब, प्रतवारी, पॅकिंग, अन्न परवाना हेही शिकावे लागते. बहिणींनी यात मागे राहू नये.

मला नेहमी विचारले जाते, ‘सर, व्याजाचे काय?’ प्रश्न रास्त आहे. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान आहे, पण ते बँक कर्जाशी जोडलेले आहे. ज्यांना ते नको, त्यांनी चार-पाच जणांनी भागीदारी करावी. नफा-तोटा वाटून घ्यावा, करार लेखी असावा. सुरुवातीला माल विकत घेऊच नका. गावकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्या. भांडवल कमी लागेल, हात बसेल, आणि शेतकऱ्याच्या घरात वर्षाची डाळ राहील.

सूरह यूसुफ आठवा. हजरत यूसुफ (अ.) यांनी सुगीच्या सात वर्षांत धान्य कणसातच राखायला सांगितले, म्हणून दुष्काळात लोक जगले. साठवण आणि साठेबाजी यांतला फरक इथे कळतो. एक लोकांसाठी असते, दुसरी लोकांच्या गरजेवर चालते. तुमच्या तराजूत खोट नसेल, डाळीत भेसळ नसेल, तर गिऱ्हाईक नाव-गाव न विचारता येईल. जिल्ह्यात आपली ओळख अशा कामाने व्हावी.

या हंगामाची तूर घरात येण्याआधी पाच मित्र एकत्र बसा आणि प्रशिक्षणाचा अर्ज भरा. अल्लाह तुमच्या रोजीत बरकत देवो. आमीन.