खेडीची सहल आणि कागदावरची पहिली ओळ

मी इंदूरहून बोलतोय. आमच्या घराची ही इथली पाचवी पिढी, त्यामुळे माझ्या मराठीत मधूनच हिंदी डोकावेल, तेवढं सांभाळून घ्या. मला इथे बोलावलंय ते आमच्या छोट्याशा इतिहास मंडळाच्या एक दिवसाच्या सहलींबद्दल. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बँकेत नोकरी केली, हिशेब जमतो, आणि लोकांना चार-चार वेळा फोन करायचा मला कंटाळा येत नाही. एवढ्या गुणांवर हे काम माझ्या गळ्यात पडलं.

आधी आम्ही व्याख्यानं ठेवायचो. साठ खुर्च्यांचं सभागृह, माणसं चौदा, त्यातले पाच वक्त्याच्या घरचे. एकदा एक आजोबा वैतागून म्हणाले, महेश्वर इथून नव्वद किलोमीटर आहे आणि तुम्ही मला ते पडद्यावर काय दाखवताय? गाडी करा. आम्ही गाडी केली. बत्तीस जण आले, दोघं उभ्याने यायला तयार होते. तेव्हापासून सुरू झालं. मांडू झालं, धार झालं. धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना तिथे उभं राहिल्यावरच कळलं.

तिसऱ्या वर्षी माझ्या डोक्यात हवा गेली. मी ठरवलं, थोरल्या बाजीरावांच्या समाधीला जायचं, रावेरखेडीला, आणि तेही २८ एप्रिललाच. १७४० साली त्याच तारखेला ते तिथे गेले. नासिरजंगाशी तह झाला होता, हंडिया आणि खरगोणचा मुलूख मिळाला होता, त्याचा ताबा घ्यायला ते नर्मदेवर आले, तापाने आजारी पडले आणि चाळिशी गाठायच्या आत संपले. पुण्यतिथीच्या दिवशी समाधीसमोर उभं राहायचं, या कल्पनेवर मी इतका खूश होतो की एप्रिलअखेरचं निमाड म्हणजे काय, याचा मी विचारच केला नाही. निमाडात जन्मलेल्या आमच्या ड्रायव्हरने मला दोनदा सांगितलं, साहब, दिसंबर में चलो. मी त्याला बाजीरावांची तारीख समजावून सांगितली.

सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघालो. सिमरोलचा घाट, बडवाह, मोरटक्क्याचा पूल, सनावद. इंदूर पठारावर आहे, सकाळी तिथे बरं वाटतं. घाट उतरला की भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. आम्ही खेडीला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. फरशी तापलेली, नदीवरून येणारा वारासुद्धा गरम. मी पाऊण तास बोलायचं ठरवलं होतं, टिपणं काढली होती. विसाव्या मिनिटाला एक काकू खाली बसल्या. मला वाटलं, पाय दुखले असतील. मी बोलत राहिलो. हे सांगताना मला आजही लाज वाटते. त्यांच्या शेजारची मुलगी ओरडली तेव्हा मी थांबलो. काकू आडव्या झाल्या होत्या, हात गार, ओठ कोरडे.

गाडीतून सनावदला दवाखान्यात नेलं. दोन बाटल्या सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. संध्याकाळी काकू उठून बसल्या. मी त्यांच्या पायाशी बसलो होतो. म्हटलं, काकू, गाडीत पाण्याचे तीन जार भरून ठेवले होते, तुम्ही पाणी का नाही प्यायलात? त्या म्हणाल्या, "अरे, प्यायले असते तर गाडी कुठे थांबवली असतीस?"

बडवाहच्या अलीकडे आम्ही एका पेट्रोल पंपावर थांबलो होतो. तिथल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं, किल्ली कुणाकडे ते कुणाला माहीत नव्हतं. पुरुष मंडळी इकडेतिकडे जाऊन आली आणि मी शिट्टी मारली, चला, उशीर होतोय. पुढे कुठे सोय आहे हे मी सांगितलं नव्हतं, कारण मला ते माहीत नव्हतं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, गाडीतल्या चौदा बायकांपैकी अकराजणींनी सकाळपासून जेमतेम घोटभर पाणी घेतलं होतं. आणि हे त्याच दिवशीचं नव्हतं, पहिल्या सहलीपासून असंच चाललं होतं. मांडूला जहाज महालाच्या पायऱ्या चढताना ज्यांना "तुम्ही बसा खाली, दमलात" असं मी म्हणायचो, त्या दमलेल्या नसायच्या, तहानलेल्या असायच्या.

त्यानंतर आठ महिने मी सहल काढली नाही. मंडळात दोघांनी सांगितलं की आता सत्तरीच्या वरच्यांना घेऊ नका. मला ते पटलं नाही. आपल्या चुकीची शिक्षा म्हाताऱ्यांना कशाला? शिवाय, खरं सांगायचं तर, गाडीत त्यांच्याजवळच खरा इतिहास असतो. त्यांच्या आज्यांनी होळकरी इंदूर पाहिलेलं होतं.

तेव्हा मी काय बदललं ते सांगतो. सहलीच्या आधी पंधरा दिवस पाहणीला जातो, आणि बायकोला बरोबर नेतो. पुरुषाला बाहेरून फक्त दार दिसतं. आत कडी आहे का, नळाला पाणी आहे का, हे तिलाच कळतं. मग सगळ्यांना जो कागद देतो त्याच्यावरची पहिली ओळ स्थळाची नसते. पहिली ओळ असते, गाडी कुठे कुठे आणि किती वाजता थांबेल. दीड तासाच्या वर सलग प्रवास नाही. कधी एखाद्या शाळेच्या बाईंना, कधी ओळखीच्या घरी आधी विनंती करून ठेवतो. लोक देतात हो, विचारावं लागतं.

एका दिवसात दोनच जागा. पाच जागा दाखवणाऱ्या सहलीत माणूस फक्त गाडीत चढतो आणि उतरतो. महेश्वरला जाताना आम्ही महूवरून जाम दरवाजाला थांबतो. अहिल्याबाईंनी बांधलेला तो दरवाजा विंध्याच्या अगदी कडेला आहे. तिथे पठार संपतं आणि खाली निमाड पसरलेलं दिसतं. १७६७ नंतर त्यांनी राज्य खाली नर्मदेकाठून चालवलं, ते का आणि कसं, याचं बोलणं तिथे सावलीत दहा मिनिटांत होतं. मग घाटावर फक्त बसायचं. तिथे मी भाषण करत नाही. नदी असताना माझं कोण ऐकणार?

पैसे आधी घेतो. न आल्यास परत नाहीत, पण प्रतीक्षा यादीतला कुणी आला तर मिळतात. सोमवती अमावास्येला नर्मदेकडे फिरकायचं नाही, ओंकारेश्वरच्या गर्दीत रस्ता तुंबतो. पावसात नदी चढली की मोरटक्क्याचा पूल बंद होऊ शकतो, तेव्हा खेडी हिवाळ्यातच. आणि पानिपतावरून मल्हारराव का निघाले, हा विषय परतीच्या वाटेवर कुणी काढला तर मी लगेच शेंगदाण्याची पिशवी पुढे करतो. एकदा त्या वादात दोन सख्खे साडू सहा महिने बोलत नव्हते.

खेडीला आम्ही पुन्हा गेलो, डिसेंबरात. ड्रायव्हर तोच होता, काही बोलला नाही, नुसता हसला. काकूंना मी विचारलं नव्हतं, हिंमत झाली नाही. त्यांनी स्वतःच फोन केला, माझं नाव लिही, खिडकीची जागा दे. मुलगा नको म्हणत होता, तर त्याला म्हणाल्या, माझी समाधी अर्धीच बघून झालीय. गाडीत त्या शब्दावर सगळे आधी गप्प झाले आणि मग हसत सुटले.

समाधीजवळ मी बारा मिनिटं बोललो. काकू ओट्याच्या सावलीत बसल्या होत्या, हातात पाण्याची बाटली, आणि माझं बोलणं चालू असताना त्यांनी ती मला दिसेल अशी वर धरून दोनदा तोंडाला लावली. नंतर एका मुलाने विचारलं, आजी, तेव्हा त्यांना पण ऊनच लागलं होतं का? काकू म्हणाल्या, ते मला माहीत नाही बाळा, पण एप्रिलात इथे येऊन मला काय झालं होतं ते सांगते. आणि मुलं माझ्याकडे पाठ करून त्यांच्याभोवती बसली.

पुढची सहल धारची आहे, फेब्रुवारीत. मंगळवारी आम्ही दोघं पाहणीला जातोय. किल्ल्याजवळच्या एका घरी बायकोला बोलून ठेवायचंय.