मेदाचा निरोप, यकृताची व्यथा



यकृताचा विकार म्हटला की मद्यपानाचा संशय घ्यायचा, अशी समाजाची रीत आहे. मद्याच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाच्या यकृताला सूज आली, तर घरचेही त्याच्याकडे शंकेने पाहतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. युर्गेन लुडविग यांनी १९८० साली अशाच रुग्णांची नोंद केली. ते मद्य घेणारे नव्हते, बहुतेक स्थूल होते. यकृताची अवस्था मात्र मद्यप्याच्या यकृतासारखी होती.

हे कसे घडते? चरबी म्हणजे अडीअडचणीसाठी भरून ठेवलेले कोठार, एवढेच पूर्वी मानले जाई. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात डॉ. जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला आणि मेदपेशी रक्तावाटे शरीराला निरोप धाडतात, हे स्पष्ट झाले. निरोगी मेदपेशी अ‍ॅडिपोनेक्टिन स्रवतात. ते यकृतातील चरबी जाळण्यास साहाय्य करते व दाह शमविते. पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की हा हितकारक निरोप क्षीण होतो आणि दाहकारक द्रव्ये बळावतात. इन्शुलिनचा अंमल ढिला पडतो, मेदाम्ले रक्तात उतरतात व यकृतात साचू लागतात. सूज दीर्घकाळ टिकल्यास निरोगी पेशींच्या जागी कठीण तंतू येतात. काही रुग्णांत याची परिणती सिरॉसिसमध्ये होते. तोवर वेदना बहुधा जाणवत नाही, हाच खरा धोका होय.

‘आपण तर सडपातळ’ हे समाधानही पुरेसे नाही. दिसण्यात कृश असलेल्या भारतीयाच्या अंगातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखविले. म्हणून वजनकाट्याबरोबर मोजपट्टीही हवी. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरहून अधिक भरल्यास ती सावधगिरीची सूचना समजावी.

केंद्र शासनाने २०२१ साली हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला. आशेची बाब अशी की, स्थूल रुग्णाचे वजन ७ ते १० टक्क्यांनी घटल्यास यकृताची सूज पुष्कळ अंशी ओसरू शकते. ८० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत ही घट सुमारे ६ ते ८ किलो होते. बेताचा आहार, गोड पेयांना फाटा आणि नित्याचे चालणे यांनी ती हळूहळू साधते.

शिक्षकांनी शाळेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे जरी समजावून सांगितले, तरी मोठे कार्य होईल. संशयाने रुग्ण आजार लपवितो. समजुतीने तो वेळीच तपासणीस येतो.