खिशातले पिस्तूल

झाशीहून कानपूरकडे जाणारा रस्ता मोंठ गावापाशी सोडला की थोड्याच वेळात समथरचा किल्ला दिसू लागतो. एकेकाळी ही लहानशा गुर्जर संस्थानाची राजधानी होती. मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी बुंदेलखंडाची जुनी घडी विस्कटली, त्या धामधुमीत हे संस्थान दतियापासून वेगळे झाले. पुढे १८१७ मध्ये त्याने इंग्रजांशी तह केला, आणि स्वातंत्र्यानंतर ते भारतात विलीन झाले. संस्थान गेले, परंतु घराघरांतील खुंट्यांवरची हत्यारे काही त्याच्याबरोबर गेली नाहीत. बुंदेलखंडात बंदूक ही केवळ संरक्षणाची वस्तू मानली जात नाही. पागोट्याप्रमाणे तीही माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग समजली जाते. २०१६ च्या अखेरीस देशभरात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते. त्यांपैकी पावणेतेरा लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

अशा गावातला एखादा साठी उलटलेला गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या कपाटात एक चिमुकले विलायती पिस्तूल आहे. बाहेर दुकानात कानपूरचे नवे रिव्हॉल्व्हर आहे. जुने देऊन नवे घ्यावे काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न. वरवर पाहता तो जुनी सायकल देऊन नवी घेण्याइतका साधा वाटतो. वस्तुतः तो तसा नाही.

प्रथम त्या जुन्या वस्तूकडे पाहू. अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंग याने आखलेले हे खिशातले पिस्तूल १९०६ च्या सुमारास बेल्जममधील एर्स्ताल येथील कारखान्यातून बाहेर पडू लागले. लांबी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर, वजन सुमारे साडेतीनशे ग्रॅम, पोटात सहा गोळ्या. कोटाच्या आतल्या खिशात ते सहज मावे. महाराष्ट्राला ब्राउनिंगचे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. लंडनहून सावरकरांनी २० ब्राउनिंग पिस्तुले धाडली होती, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल त्यांतलेच होते. छपून नेता येणे हाच अशा पिस्तुलाचा मोठा गुण आणि तोच त्याचा मोठा धोका.

त्याच्या उणिवाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. त्याची गोळी सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, आणि तिचा जोर ३२ बोअरच्या गोळीच्या निम्म्याच्या आसपास. या मापाची काडतुसे सहज मिळत नाहीत. मिळाली तर महाग पडतात, आणि कपाटातली जुनी काडतुसे ऐन वेळी पेटतीलच याची हमी कोणी देत नाही. आणखी एक गोष्ट अशी की या पिस्तुलात गोळी नळीत भरून ठेवली म्हणजे आतला आघातक खिळा दाबलेल्या कमानीच्या बळावर सदैव तयार राहतो. त्याला अडविणारे पोलादी दात शंभर वर्षांत झिजले असतील, तर ते बाहेरून दिसत नाही. हातातून निसटलेले असे पिस्तूल घरातल्याच कोणाला लागण्याचा संभव असतो. म्हणून गोळी नळीत न ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग. पण मग संकटाच्या क्षणी वरची लहानशी सरक मागे ओढावी लागते, आणि म्हाताऱ्या, घामेजलेल्या बोटांना ते साधेलच असे नाही.

आता नव्या वस्तूचा विचार. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ च्या जानेवारीत ‘निर्भीक’ नावाचे पाचशे ग्रॅम वजनाचे ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याची किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. २०२३ मध्ये ‘प्रबळ’ हे सुमारे सातशे ग्रॅम वजनाचे, बाजूला उघडणाऱ्या चक्राचे रिव्हॉल्व्हर आले. रिव्हॉल्व्हरची रचना सरळ असते. एखादे काडतूस पेटले नाही तर घोडा पुन्हा ओढावा, चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. त्याची काडतुसेही देशात तयार होतात. मात्र दुकानात ‘३२ बोअर’ एवढेच सांगून भागत नाही. पिस्तुलाचे ३२ चे काडतूस आखूड असते, रिव्हॉल्व्हरचे लांब व कडेला स्पष्ट कंगोऱ्याचे. एकाच नावाची ही दोन काडतुसे एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

एवढे ऐकून कोणीही म्हणेल की सौदा करावा. परंतु दुकानदाराचे डोळे मात्र त्या जुन्या पिस्तुलावर का खिळतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे आधी आलेल्या विलायती पिस्तुलांना त्यांच्या उपयुक्ततेशी काहीही संबंध नसलेली किंमत आली. दुबळे, जुने, काडतुसांवाचून अडलेले हत्यार नव्यापेक्षा महाग ठरते, ते त्याच्या दुर्मिळपणामुळे. तेव्हा ‘जुने द्या, नवे घ्या’ असे गोडीने सांगणारा कोणाचे हित पाहत आहे, हे मालकाने स्वतःच ताडावे.

कायद्याचीही वाट पाहावी लागते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवानाधारकाला आपले हत्यार दुसऱ्या अधिकृत माणसाला विकावयाचे असल्यास, घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्याला अथवा जवळच्या ठाणेदाराला लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारसाहक्काने आलेले हत्यारही त्या संख्येत धरले जाते. लग्नाच्या वरातीत हर्षाने हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हेही त्याच दुरुस्तीने सांगितले.

या ४५ दिवसांना काही लोक कचेरीचा खोळंबा म्हणतात. त्यामागचा अर्थ समथरपासून फार दूर नसलेल्या ग्वाल्हेरने शिकविला आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर झाडलेले बेरेटा पिस्तूल ग्वाल्हेरातूनच मिळविलेले होते. इटलीत घडलेले ते हत्यार हातोहात फिरत शेवटी कोणत्या हातात गेले, हे साऱ्या जगाने पाहिले. सायकल विकली की तिची चिंता संपते. पिस्तूल विकले की पुढचा हात कोणता, ही जबाबदारी विकणाऱ्याच्या अंतःकरणावर राहतेच.

मग त्या गृहस्थाने काय करावे? त्याने आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हे हत्यार आज कशासाठी हवे आहे? शेतावर एकटे राहावे लागते आणि खरोखर भय आहे, असे उत्तर आले, तर जुन्या पिस्तुलावर विसंबू नये. रीतसर, दाखल्यानिशी, मान्यताप्राप्त व्यापाऱ्याकडून बदल करावा, आणि नवे हत्यार वापरण्याचे शिक्षण घेऊन ते कुलुपात ठेवावे. आजोबांची आठवण म्हणून हवे आहे, असे उत्तर आले, तर ते विकू नये. पण त्याची काडतुसे जवळ बाळगू नयेत, आणि आपल्यामागे मुलाला स्वतःच्या नावे परवाना मागावा लागेल हे त्याला आजच सांगून ठेवावे. वडिलांचे शेत मुलाकडे येते तितक्या सहजपणे त्यांचे पिस्तूल येत नाही. आणि शेजाऱ्याकडे आहे म्हणून हवे, एवढेच उत्तर मिळाले, तर दोन्ही नसलेली बरी.

१९६० च्या मे महिन्यात विनोबा पायी चालत याच मुलखाच्या वायव्येस, भिंड-मुरैनाच्या दऱ्याखोऱ्यांत गेले. त्यांच्या हाती काहीच नव्हते. तेथील बंडखोरांनी आपली हत्यारे आणून त्यांच्या पायांशी ठेवली. त्या प्रयोगाच्या फलिताविषयी मतभेद झाले, आणि सगळेच डाकू काही शरण आले नाहीत. तरी ज्यांनी हत्यार ठेवले त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली, की हत्याराच्या बाबतीत जुने आणि नवे याखेरीज तिसराही पर्याय असतो. परवानाधारक आपले हत्यार कोणत्याही दिवशी ठाण्यात जमा करू शकतो. निवडणुकीच्या दिवसांत तर त्याला बहुधा ते करावेच लागते. तेवढ्या काही आठवड्यांत आपल्याला शांत झोप लागली की नाही, याची त्याने प्रामाणिकपणे आठवण करावी. जुने ठेवावे, नवे घ्यावे, की दोन्ही सोडावीत, याचे उत्तर त्याला त्या झोपेतच सापडेल.