शेतीपंपाचा हिशेब



कमी कार्बनची ऊर्जा आणि तिच्यासाठीचं धोरण हा विषय एरवी मुंबई-पुण्याच्या किंवा दिल्लीच्या सभागृहांत चर्चिला जातो. त्यावरची ही परिषद अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या सिल्लोड तालुक्यात व्हावी, असा आमच्या स्वागत समितीचा आग्रह होता. महाराष्ट्राच्या वीजव्यवस्थेतला सर्वांत अवघड हिशेब शेतीपंपाचा आहे आणि तो इथल्या शिवारात रोज मांडला जातो. आमच्याकडे उन्हाळी मिरची एप्रिल-मेमध्ये ठिबकवर लावतात. त्या दिवसांत ऊन सर्वांत कडक असतं, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं आणि रोपाला पाण्याचा खंड चालत नाही. ऊन, वीज आणि पाणी हे तिन्ही प्रश्न एकाच पिकात एकाच वेळी सोडवावे लागतात, अशा भागात बसून ऊर्जाधोरणाचा विचार व्हावा, हे मला योग्य वाटतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. या राज्यात कमी कार्बनचं धोरण जिथं खरोखर पुढं सरकलं, तिथं आधी कोणीतरी शेतकऱ्याची गरज आणि सरकारी तिजोरीवरचा भार नीट मोजला होता. कार्बनची बचत त्या मोजणीच्या मागोमाग आली. याचा पुरावा शेतीपंपाच्या इतिहासातच आहे. अनेक दशकं आपल्याकडच्या बहुतेक कृषी जोडण्यांना मीटर नव्हतं आणि बिल मोटारीच्या अश्वशक्तीवर निघत असे. मीटर नसल्यानं शेती किती वीज वापरते, हा केवळ अंदाजाचा विषय राहिला. त्यामुळे चोरी आणि गळतीची वीजही शेतकऱ्याच्या नावावर टाकणं सोपं झालं. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी १९९६ मध्येच शेतीपंपांचं अनुदान नेमकं कोणाच्या वाट्याला जातं आणि पंपांची कार्यक्षमता किती सुधारता येईल, याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे वीज नियामक आयोग आला. २००० सालच्या पहिल्या दरनिश्चितीत आकडे तपासले गेले आणि तोवर कागदावर वीस टक्क्यांच्या आत दिसणारी गळती प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्या वर असल्याचं उघड झालं. त्यानंतरही वाद संपला नाही. आयोगानं नेमलेल्या अभ्यासगटानं वीजवाहिन्यांवरच्या नोंदी तपासल्या आणि शेतीच्या नावावरचा वापर फुगवून दाखवला जात असल्याचं २०२० मध्ये पुन्हा पुढे आलं. शेतकरी वीज उधळतो, हा समज इतकी वर्षं टिकला त्यामागे मोजणीचा अभाव होता, हे या सभागृहात स्पष्टपणे सांगायला हवं.

गरज आणि खर्च यांच्या अशाच मोजणीतून सौर कृषी वाहिनीची कल्पना उभी राहिली. शेतीच्या वाहिन्या गावठाणापासून वेगळ्या झालेल्या होत्या. तशा एका वाहिनीवरच्या पंपांना लागेल तेवढा सौर प्रकल्प जवळच्या उपकेंद्राशी जोडायचा, शेतकऱ्याच्या मोटारीला हात लावायचा नाही आणि वीज दिवसा द्यायची, इतकी ती साधी आहे. ‘प्रयास’च्या ऊर्जा गटानं तिचा सातत्यानं पाठपुरावा केला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये जाहीर झाली आणि राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथून तिची सुरुवात झाली. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये शेतीपंपांच्या सौरीकरणासाठीच्या कुसुम योजनेत वाहिनीच्या पातळीवरच्या सौरीकरणाला जागा दिली. २०२३ मध्ये राज्यानं योजनेचा दुसरा टप्पा आणला आणि पुढे त्याचं उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढवलं. या टप्प्यातला पहिला प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला उभा राहिला. तो ३ मेगावॉटचा आहे. ही वीज युनिटला साधारण तीन रुपयांत, २५ वर्षांच्या करारानं मिळते. शेतकऱ्याला वीज पोहोचवण्याचा एरवीचा खर्च याच्या दुपटीहून जास्त आहे. रात्रीच्या पाळीला साप-बिबट्याच्या भीतीत दारं धरणाऱ्या माणसाला दिवसाची वीज हवी होती, आणि सरकारला अनुदान कमी करायचं होतं. दोघांची गरज एकाच उपायानं भागते, हे कोणीतरी आकडे मांडून दाखवलं, म्हणून कोळशाची जागा ऊन घेऊ लागलं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. धोरण राजकारणी ठरवतात, शेतकऱ्यांची मतं हवी असतात म्हणून ठरवतात, मग संशोधनाला श्रेय कशाला? राजकीय इच्छेचं महत्त्व मला मान्य आहे. पण नुसत्या इच्छेचं काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. २००४ मध्ये शेतीला मोफत वीज जाहीर झाली आणि वर्षभरात ती मागे घ्यावी लागली, कारण तिचा खर्च पेलण्याची तजवीज नव्हती. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतीपंपांना पुन्हा मोफत वीज देण्यात आली. तिचा वार्षिक भार १४,७६० कोटी रुपये सांगितला गेला आहे. ही सवलत मार्च २०२९ पर्यंत आहे. ती पुढेही टिकायची असेल, तर त्याआधी या पंपांना लागणारी वीज स्वस्त व्हायला हवी. घोषणा करायला सभा पुरते, पण ती पाचव्या वर्षीही पाळायची तर वाहिनीनिहाय हिशेब लागतो.

दुसरा आक्षेप इथल्या शेतकऱ्यांचा आहे आणि तो रास्त आहे. जगाच्या हवेत धूर सोडला दुसऱ्यांनी, मग कार्बनचं ओझं कोरडवाहू मराठवाड्यानं का वाहायचं? माझं उत्तर असं, की कोळशाच्या विजेचं ओझं मराठवाडा आधीच वाहतो आहे. औष्णिक केंद्राला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते. २०१५ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. ज्या प्रदेशात धरणातल्या प्रत्येक थेंबासाठी भांडण आहे, तिथं जवळजवळ पाण्याविना तयार होणारी वीज ही आपल्याच हिताची गोष्ट आहे.

आता मला सर्वांत जास्त काळजी ज्या प्रश्नाची वाटते, त्याकडे येतो. आश्वासन दिल्याप्रमाणे दिवसा, आठ तास आणि फुकट वीज मिळाली, तर जमिनीखालचं पाणी संपणार नाही का? हा प्रश्न उडवून लावता येत नाही. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा आहे. गुजरात-पंजाबच्या गाळाच्या जमिनीसारखा खोल साठा त्यात नाही, पावसाळ्यात भरतो तेवढाच साठा वर्षभर पुरवायचा असतो. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की इथं उपशाला मर्यादा खडकच घालतो, विहीर आटली की मोटार आपोआप थांबते. हे उघड्या विहिरीपुरतं खरं आहे. पण तीन-चारशे फुटांचं बोअर आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आलं की हा युक्तिवाद कोसळतो. ज्याच्याकडे भांडवल आहे, तो हिवाळ्यातच भूजल उपसून तळ्यात साठवतो आणि शेजारच्या विहिरी फेब्रुवारीतच कोरड्या पडतात. सौर ऊर्जेनं हा प्रश्न निर्माण केलेला नाही, पण ती त्याचा वेग वाढवू शकते. यावर गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी गावात एक वाट शोधली गेली. तिथल्या सौर पंपधारकांनी सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज ग्रीडला विकायला सुरुवात केली, म्हणजे पाणी न उपसण्यालाही मोल मिळालं. महाराष्ट्रात असा मोबदला वाहिनीच्या पातळीवर कसा देता येईल, हे अजून कोणी नीट मांडलेलं नाही. त्यासाठी लागणारं अर्धं काम मात्र झालेलं आहे. आयआयटी मुंबईच्या गटानं नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावनिहाय पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत तयार केली, ती आपल्या जिल्ह्यातल्या गावांतही वापरली गेली. विजेचे संशोधक आणि पाण्याचे संशोधक एकाच शिवाराचा अभ्यास करतात, पण त्यांचे तक्ते एकमेकांना जोडलेले नाहीत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, उपकेंद्रातला मीटर दर काही मिनिटांनी नोंद घेतो. दोन्ही नोंदी एका वाहिनीखालच्या गावांसाठी शेजारी ठेवल्या, तर किती उपसा सोसवेल याचं उत्तर दोन-तीन हंगामांत मिळू शकेल.

सौर प्रकल्पांना लागणाऱ्या जमिनीबद्दलही थोडं बोललं पाहिजे. एका मेगावॉटला चार-पाच एकर धरले तर १६ हजार मेगावॉटला ऐंशी हजार एकरांपर्यंत जागा लागेल. राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्रापुढे ती फार नाही. पण ती जागा कोणाची, हा प्रश्न क्षेत्रफळाचा नाही. सातबाऱ्यावर जी सरकारी पड किंवा गायरान दिसते, तिच्यावर कोणाच्या शेळ्या चरतात, कोणी भूमिहीन ती पिढ्यान्‌पिढ्या कसतो आहे. मराठवाड्यात गायरानाच्या हक्कासाठी दलित-भटक्यांनी केलेली आंदोलनं फार जुनी नाहीत. सौर कृषी वाहिनी योजनेतून ग्रामपंचायतीला तीन वर्षं मिळणारे दरसाल पाच लाख त्या कुटुंबापर्यंत पोहोचत नाहीत. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वार्षिक भाडं देणाऱ्या योजनेनं गायरानावर जगणाऱ्यांचा वाटाही ठरवायला हवा. त्याची मोजणी करणारा एखादा समाजशास्त्रज्ञ या परिषदेतल्या अभियंत्यांच्या शेजारी बसावा, अशी आमची इच्छा आहे.

म्हणून स्वागत समितीची आपल्याकडे दोन मागण्या आहेत. सौर झालेल्या प्रत्येक कृषी वाहिनीवर रोज किती तास, किती दाबानं वीज मिळाली, याची नोंद सर्वांना पाहता यावी, असा ठराव या परिषदेनं करावा आणि तो महावितरण व आयोगाकडे पाठवावा. आठ तासांचं आश्वासन पाळलं गेलं की नाही, हे डीपीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही तपासता आलं पाहिजे. आणि दुसरं, या परिसरातली एक वाहिनी निवडून तिच्याखालची वीज, पाणी आणि पिकं यांचा एकत्र अभ्यास येत्या रब्बीपासून सुरू करावा. त्यासाठी विहिरी मोजू देणारे शेतकरी आणि नोंदी घेणारे विद्यार्थी जमवण्याची जबाबदारी आम्ही सिल्लोडकर घेतो. या अभ्यासाची आखणी दुपारच्या सत्रात व्हावी, असं सुचवून परिषदेच्या अध्यक्षांना मी कामकाज हाती घेण्याची विनंती करतो.