मृत्यूच्या कारणाची नोंद
(भाईंदर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेले भाषण)



माणसाच्या मृत्यूचे कारण कागदावर कोणत्या शब्दांत उतरते, हा प्रश्न वरवर कारकुनी भासतो. वस्तुतः तो राजकीय प्रश्न आहे.

छातीतील महारोहिणी विस्फाराचेच उदाहरण घ्यावे. हृदयातून निघणाऱ्या या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीची भिंत उच्च रक्तदाबाने, धूम्रपानाने वा आनुवंशिक दोषाने दुबळी होऊन फुगत जाते. बहुधा काही दुखत नाही. आणि फुटल्यावर वेळ उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात भिंतीचे पदर विलग झाल्यास आय ७१.०, छातीतील विस्फार फुटल्यास आय ७१.१ व न फुटल्यास आय ७१.२ असे वेगवेगळे संकेतांक आहेत. परंतु संकेतांक देणाऱ्याला डॉक्टरने लिहिलेल्या शब्दांपलीकडे जाता येत नाही. प्रमाणपत्रावर नुसते ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिले, की सारा भेद पुसला जातो. हृदय प्रत्येकच मृताचे बंद पडते. ते मृत्यूचे कारण नव्हे.

येथे डॉक्टरांना दोष देऊन भागणार नाही. भाईंदरच्या स्टील भांड्यांच्या कारखान्यातला कामगार किंवा उत्तनचा कोळी छातीत कळ येऊन घरीच दगावला, आणि त्याचे सी. टी. स्कॅन कधी झालेच नसेल, तर डॉक्टर तरी काय लिहिणार? २०२० साली देशातील नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. बाकीचे हिशेबाबाहेर राहिले. आणि जे हिशेबात नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद मागायची कोणत्या आधारावर?

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यावयाचे असते. २०२३ च्या दुरुस्तीने त्याची प्रत जवळच्या नातेवाइकास मिळण्याची तरतूद केली. हा हक्क वस्त्यावस्त्यांतून सांगितला पाहिजे. त्याचबरोबर वॉर्डावॉर्डांत रक्तदाबाची नियमित तपासणी आणि सार्वजनिक रुग्णालयात परवडणारे स्कॅन, ही मागणी महापालिकेपुढे व शासनापुढे सातत्याने मांडली पाहिजे.

श्रीमंताच्या आजाराला नाव मिळते, गरिबाचा आजार निनावी राहतो. ही विषमता मृत्यूनंतरही संपत नाही. ती संपविण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.