खांब बदला, पण वीरगळ हलवू नका
(कोयनाकाठच्या वाड्यांच्या बैठकीतलं भाषण)

वारणाकाठच्या शिराळ्यातले साथी पण आलेत, त्यांचंही रडगाणं आपलंच आहे.

कोयनेच्या वीजघरांची ताकद १९६० मेगावॅट. त्या पाण्याखाली गावं गेली, आणि त्याच पाण्याच्या काठाला आपल्या वाड्यांत पावसाळ्यात चार-चार दिवस दिवा लागत नाही. खांब गंजलेत. तारा इतक्या खाली आल्यात की गवताचा भारा घेऊन जाणारी बाई वाकून जाते. तारा बदला ही मागणी आपलीच आहे, ती मागं घ्यायची नाही.

पण मागच्या साली एका वाडीत काय झालं ते ऐका. जुना खांब बांधाला होता. ठेकेदाराच्या माणसांनी गाडीला सोयीचं म्हणून नवा खांब देवाच्या माळावर घेतला. बुडाशी ठासायला दगड लागले, तर शेजारचा वीरगळ फोडून घातला. आम्ही पोचलो तेव्हा लढणाऱ्या वीराचं अर्धं अंग मातीत होतं. म्हातारी म्हणाली, "आरं, ह्यो आमच्या हद्दीचा देव हुता."

एका दगडाचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियम १३ मध्ये दाव्याला कोणते पुरावे चालतात ते दिलंय. विहिरी, दफनाच्या जागा, देवाची ठिकाणं, अशी जुनेपण दाखवणारी ठिकाणं त्यात आहेत. आपल्यापाशी ना सातबारा, ना पावती. आपल्या बिगर-आदिवासी शेजाऱ्यांना तर तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. तेव्हा त्या खड्ड्यात नुसता देव नाही, आपला पुरावा गाडला.

पुरातत्त्व खातं बघून घेईल, असंही समजू नका. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरात बांधकामाला बंदी आहे, पुढच्या २०० मीटरात परवानगी लागते. पण २०१० च्या दुरुस्तीत बांधकामाची जी व्याख्या केली, तिच्यातून लोकांना वीज पुरवायची कामं वगळलीत. आणि आपल्या माळावरचे वीरगळ तर कुठल्या यादीतच नाहीत.

आपल्या हातात आहे वनहक्क कायद्याचं कलम ३(२). जंगलजमिनीतून गावासाठी विजेची लाईन न्यायची तर ग्रामसभेची शिफारस लागते. जमीन एक हेक्टरच्या आत, झाडं हेक्टरी ७५ च्या वर तोडायची नाहीत. अभयारण्यात आणखी परवानग्या लागतात, ते वेगळं. जुन्याच खांबावर तार बदलली तर शिफारशीचा प्रश्न नाही. नवी जंगलजमीन लागली की आला. नुसता 'हरकत नाही' असा ठराव देऊ नका. खांब कुठं रोवायचा, दगडापासून किती लांब, सगळं त्यात लिहा.

पोरं म्हणतात, केबल जमिनीखालून घाला. दिसायला बरं, पण खांबाला अंतरा-अंतरानं खड्डा लागतो आणि केबलला सलग चर. माळाच्या पोटात काय आहे कुणी बघितलंय? तिथं लाईन वरूनच जाऊ द्या. आवरणाची केबल मागा, तिला झाडंही कमी छाटावी लागतात.

येत्या रविवारी प्रत्येक वाडीतून दोन जाणती माणसं आणि एक लिहिणारं पोरगं माळावर पाहिजे. नकाशावर दगड, विहिरी, थडगी, सगळं मांडायचं. खूण म्हणून दगडाला ऑइलपेंट फासू नका. शेंदूर आहे तेवढा पुरे.

फुटलेल्या वीरगळाचा चंद्र-सूर्याचा तुकडा म्हातारीच्या ओसरीवर आहे. त्याचा फोटो दाव्याच्या फायलीत लावायचाय. ज्याच्या मोबाइलचा कॅमेरा बरा असेल, त्यानं बैठक सुटल्यावर थांबावं.