माथेरानचा मुक्काम



थंड हवेच्या ठिकाणाविषयी बोलावयाचे म्हणजे वक्त्याने पॉइंटांची नावे सांगावीत, सूर्यास्ताचे वर्णन करावे आणि श्रोत्यांनी उन्हाळ्याच्या सुटीचे बेत आखावेत, अशी आपल्याकडची रीत आहे. ती रीत आज थोडी मोडावयाची आहे. मुंबईहून पुण्याकडे मोटारीने निघालेले आम्हा उभयतांसारखे एखादे जोडपे वाटेत माथेरानला एक रात्र मुक्काम करते. त्या मुक्कामाचा भार कोण वाहतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

नेरळहून घाट चढून गेले की दस्तुरी नाका लागतो. तेथे मोटार ठेवावी लागते. पुढे गावात खाजगी मोटारीला मज्जाव आहे. बाजारपेठ तेथून अडीच-तीन किलोमीटर दूर. तांबड्या मातीची वाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी, आणि इंजिनाचा आवाज नाही म्हणून पाखरांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. दहा मिनिटे चाललो तोच आमचे बोलणे आपोआप हलक्या आवाजात होऊ लागले. घरून निघाल्यापासून हॉर्नच्या वर आवाज चढवून बोलत होतो, हे तेव्हा ध्यानात आले.

हे गाव इतके शांत कसे राहिले? ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली या डोंगरावर आले आणि येथे गोऱ्या साहेबांची वस्ती होऊ लागली. १९०७ साली पीरभॉय घराण्याने नेरळहून दोन फुटी रुळांची छोटी आगगाडी वर आणली. ती आजही धावते; पावसाळ्यात मात्र खालचा मार्ग बंद असतो. मोटारबंदी पुढेही टिकली आणि २००३ साली केंद्र सरकारने माथेरान व त्याचा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. हे सारे अभिमान वाटावे असेच आहे.

पण मोटार थांबली तरी ओझे थांबत नाही. गॅसची टाकी, भाजीची पोती, पाहुण्यांच्या पेट्या आणि खुद्द पाहुणे, हे सर्व वर जावेच लागते. ते नेले घोड्यांनी आणि माणसांनी. माथेरानची हातरिक्षा ज्यांनी पाहिली असेल त्यांना सांगावयास नको. एक जण पुढे दांडी धरून ओढतो, चढावर आणखी दोघे मागून रेटतात, आणि आत बसलेला मनुष्य हवा किती शुद्ध आहे याची वाखाणणी करतो! ती हवा धुराने मळली नाही हे खरे. परंतु धुराच्या जागी तेथे माणसाचा श्वास खर्ची पडत होता.

आम्ही उभयता गेलो तेव्हा हातरिक्षा चालू होत्या. बसावे की न बसावे, यावर आमच्यात वाद झाला. सौभाग्यवतींचे म्हणणे, माणसाने ओढलेल्या गाडीत बसणे मनाला पटत नाही. आमचे म्हणणे, आपण न बसल्याने त्या माणसाची आजची मजुरी बुडेल, तिचे काय? शेवटी आम्ही चालत गेलो आणि पेट्या एका हमालाच्या डोक्यावर दिल्या. म्हणजे वाद मिटला नाहीच. ओझे फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या डोक्यावर गेले.

तात्पर्य असे की, हा प्रश्न एकट्यादुकट्या प्रवाशाच्या सदसद्विवेकाने सुटणारा नाही. त्याला व्यवस्थाच बदलावी लागते. २०२२ च्या डिसेंबरात प्रायोगिक म्हणून सात ई-रिक्षा गावात आल्या. घोडेवाल्यांनी विरोध केला. त्यांच्याही घरी चूल आहे, तेव्हा त्या विरोधाला केवळ हटवाद म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही. सहा महिन्यांत हातरिक्षा टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात. गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर या रिक्षाचालकांना ई-रिक्षा भाड्याने मिळतील अशी योजना करावी. आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असा त्याचा आशय आहे. त्याच निकालात गावातील अंतर्गत रस्त्यांवर व पायवाटांवर फरसबंदी नको, असेही म्हटले आहे. म्हणजे माती राखावयाची आणि माणूसही राखावयाचा.

या निकालातील आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाड्याच्या ई-रिक्षांचा भाग. नुसती बंदी घालणे सोपे असते. शहरातला सुखवस्तू मनुष्य त्या बंदीने समाधान पावतो आणि कालपर्यंत दांडी ओढणारा रिकाम्या हाताने दरीकाठच्या पाड्यावर परततो. ज्याने आजवर ओढले त्याच्याच हाती नव्या वाहनाचे चाक यावे आणि घोडेवाल्याचाही घास सुटू नये, तरच ती सुधारणा म्हणावी.

येथे बसलेल्यांपैकी अनेक जण या उन्हाळ्यात कोठे ना कोठे डोंगरावर जातील. जरूर जावे. महाबळेश्वरला जा, मसुरीला जा. पण खोलीत पाण्याची बादली आली की ती किती चढ चढून आली, आणि आणणाऱ्याच्या हातावर संध्याकाळी काय पडले, हे विचारण्यास संकोच करू नये. पाहुण्याने यजमानाच्या घरची विचारपूस करावी, हा आपला जुनाच शिष्टाचार आहे. तो आपण हॉटेलाच्या दारात विसरतो, इतकेच.